तुरळक ठिकाणी

मराठी गद्याच्या अभ्यासकांनी बखर, निबंध, अग्रलेख आणि क्वचित लग्नपत्रिका यांच्या शैलीचा विचार केलेला असला, तरी ज्या गद्याचे रोज असंख्य लोक वाचन करतात आणि वाचून होताच ज्यावर एकमुखाने अविश्वास व्यक्त करतात, त्या हवामान अंदाजाकडे त्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. या गद्यप्रकाराचा अस्सल नमुना पाहायचा तर पावसाळ्याकडे जाऊन उपयोग नाही. जुलै महिन्यात कोकणात पाऊस पडेल असे सांगण्यात धाडस नसते आणि ते ऐकण्याचे कोणाला कुतूहल नसते. त्यासाठी होळी विझलेली आहे, पाडवा अजून यायचा आहे आणि पंखा एकवर व पांघरूण पायाशी अशी रात्रीची तडजोड घरोघरी चालू आहे, अशा पंधरवड्यातील एखादा शुक्रवार निवडावा. त्या शुक्रवारी पुण्याच्या वाचकापुढे साधारणतः असे वाक्य येते : "शनिवारी व रविवारी पुणे शहर व परिसरात आकाश अंशतः ढगाळ राहून दुपारनंतर तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या पावसाची शक्यता आहे."

हे वाक्य वरवर साधे दिसत असले, तरी त्याची बांधणी एखाद्या जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजासारखी असून त्यातून आत शिरणाऱ्याला वाकावेच लागते. पहिली गोष्ट अशी की, या वाक्यात पाऊस पडत नाही. वाक्यात जी काही असते ती शक्यता असते, आणि 'आहे' या वर्तमानकाळी क्रियापदामुळे ती उच्चारताक्षणीच खरी ठरते. रविवारी टळटळीत ऊन पडले, तरी शुक्रवारी शक्यता होती ही गोष्ट कोणालाही, अगदी पुण्यातही, नाकारता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की, सामान्य वाचकाला या वाक्यातील जे शब्द गुळमुळीत वाटतात, तेच नेमके सर्वांत काटेकोर असतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे इकडेतिकडे कुठेतरी, असा अर्थ लोक घेतात; परंतु हवामानशास्त्राच्या व्यवहारात, एखाद्या विभागातील पाऊस मोजणाऱ्या एकूण केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस झाला, तरच तो तुरळक ठरतो. २६ ते ५० टक्के केंद्रांवर झाला तर तो 'काही ठिकाणी', ५१ ते ७५ टक्क्यांपर्यंत 'अनेक ठिकाणी' आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी' झाला असे समजतात. पावसाच्या मोजमापाचीही अशीच प्रतवारी आहे : २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर पडला तर तो हलका, १५.६ ते ६४.४ मिलिमीटर पडला तर मध्यम आणि त्याच्या वर गेला तर जोरदार. अडीच मिलिमीटरच्या आत राहिला तर तो अतिहलका असतो, म्हणजे हवामान खात्याच्या दृष्टीने जेमतेम पाऊस आणि ज्याच्या डोक्यावर पडला त्याच्या दृष्टीने खात्याचा नालायकपणा.

वाचकाचेही स्वतःचे एक पर्जन्यमापनशास्त्र असते आणि ते या सरकारी शास्त्राहून फार सोपे असते. त्याच्या मोजणीत केंद्र एकच असते व ते त्याच्या घरावर असते. त्यामुळे पाऊस एक तर शंभर टक्के केंद्रांवर पडतो, नाहीतर शून्य टक्के केंद्रांवर. खाते मध्य महाराष्ट्र नावाच्या विभागाबद्दल बोलत असते, ज्यात उत्तरेच्या जळगाव-धुळ्यापासून दक्षिणेच्या कोल्हापूरपर्यंतचा प्रदेश येतो, आणि वाचक दोरीवरच्या टॉवेलबद्दल विचारत असतो. हवामान अंदाजाविषयीच्या तक्रारींपैकी पुष्कळशा तक्रारी या दोन भूगोलांच्या मधल्या पट्ट्यात उगवतात. एकट्या पुण्यातच शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव येथील नोंदी वेगवेगळ्या असतात, आणि लोहगावला रस्त्यावरून पाणी वाहत असताना शिवाजीनगरला लोक उसाचा रस पीत उभे असणे हे दृश्य वळवाच्या दिवसांत मुळीच दुर्मिळ नसते. त्या दिवशी शिवाजीनगरचा माणूस अंदाज चुकला म्हणून हसतो आणि लोहगावचा माणूस एवढा पाऊस आणि हे नुसतेच हलका म्हणाले म्हणून चिडतो; अंदाज दोघांनीही वाचलेला असतो आणि तो दोघांच्याही बाबतीत चुकलेला नसतो.

पुण्याचा आणि हवामानाचा संबंध तसा घरोब्याचा आहे. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली आणि त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास हलवण्यात आले. शिवाजीनगरातील त्या दगडी इमारतीला लोक सिमला ऑफिस म्हणू लागले आणि शेजारचा चौक सिमला ऑफिस चौक झाला. सिमल्याहून येताना खात्याने कागदपत्रे, उपकरणे व अधिकारी आणले, हवामान मात्र तिकडेच ठेवले, याबद्दल पुणेकरांच्या मनात एप्रिल-मेमध्ये थोडी खंत असते. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, तरी चौकाचे नाव, इमारत आणि अंदाजांवर टीका करण्याचा हक्क ही तिन्ही पुण्याकडेच राहिली.

आता होळी-पाडव्याच्या मधल्या या पावसाला म्हणायचे काय, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. पंचांगाप्रमाणे फाल्गुन हा शिशिराचा उत्तरार्ध असून वसंत चैत्रात सुरू होतो. शाळेच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे तोवर कोकिळेने गायला लागलेले असते. आणि हवामान खात्याच्या कोष्टकात वसंत नावाचा ऋतूच नाही. तेथे जानेवारी-फेब्रुवारी हा हिवाळा, मार्च ते मे हा पूर्वमोसमी काळ, जून ते सप्टेंबर हा नैर्ऋत्य मोसमी काळ आणि उरलेले तीन महिने मोसमोत्तर काळ, असा चारच खणांचा कप्पा आहे. म्हणजे एकच ढग २८ फेब्रुवारीच्या रात्री बरसला तर तो हिवाळी पाऊस ठरतो आणि मध्यरात्रीपर्यंत थांबून १ मार्चला बरसला तर पूर्वमोसमी. वृत्तपत्रे ही भानगड टाळून सरसकट 'अवकाळी' म्हणतात आणि गावाकडे तेच नाव चालते, कारण ज्याचा गहू कापून शेतात पडलेला आहे त्याला पाऊस कोणत्या खणातला आहे याची चौकशी करण्यास वेळ नसतो. कवींनी ज्या ऋतूला राजा केले त्याला खात्याने एक खणही देऊ नये, ही गोष्ट रसिकांना खटकेल. परंतु मार्चमधील पुण्याच्या दुपारी ३७ अंशांत उभे राहून पाहिल्यास खात्याची बाजू पटण्यासारखी आहे.

हा पाऊस येतो कसा, याचा उलगडा अंदाजाच्या दुसऱ्या परिच्छेदात केलेला असतो व तो परिच्छेद कोणीही वाचत नाही. त्यात 'पश्चिमी चक्रावात', 'द्रोणीय स्थिती', 'वाऱ्यांची खंडितता' असे शब्द असतात. पश्चिमी चक्रावात म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरात तयार होऊन इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करीत हिमालयाकडे सरकणारी वादळी प्रणाली. तिच्यामुळे काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो आणि तिची दक्षिणेकडची शेपटी कधी कधी महाराष्ट्रापर्यंत पोचून वरच्या थरांतील हवा थंड करते. द्रोणीय स्थिती म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, जो या दिवसांत विदर्भाकडून कर्नाटक-केरळपर्यंत उभा पसरतो. त्याच्या दोन बाजूंनी वेगवेगळ्या दिशांचे वारे येऊन जिथे एकमेकांना अडतात, त्या रेषेला वाऱ्यांची खंडितता म्हणतात. बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून बाष्प येते, खाली जमीन दुपारपर्यंत तापलेली असते, वर गारवा असतो, आणि तीन-चारच्या सुमारास हवा उकळी फुटल्यागत वर चढून ढगांचे मनोरे उभे राहतात. तात्पर्य एवढेच की, सदाशिव पेठेतील पापडाचे भवितव्य भूमध्य समुद्रात ठरत असते, आणि हे कळल्यामुळे पापड वाळण्यास काहीही मदत होत नाही.

असा एक गडगडाटी ढग काही किलोमीटरच पसरलेला असतो आणि त्याचे आयुष्य अर्ध्या-पाऊण तासाचे असते. उलट, अंदाज काढणारी संगणकीय प्रारूपे पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतात व या चौकोनाची बाजू बरीच वर्षे १२ किलोमीटरची होती, म्हणजे शिवाजीनगरपासून जवळजवळ कात्रजपर्यंत एकच घर. २०१८ मध्ये पुण्याच्या पाषाण भागातील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'प्रत्यूष' नावाचा महासंगणक बसला, पुढे त्याहून मोठी यंत्रे आली, आणि २०२५ मध्ये चौकोनाची बाजू ६ किलोमीटरवर आली. प्रगती मोठीच आहे. तरीसुद्धा सहा किलोमीटरच्या चौकोनात एक गच्ची ठेवली तर पुष्कळ जागा शिल्लक राहते, आणि ढगाने नेमके त्या शिल्लक जागेत पडावे की गच्चीवर, हे त्याचे त्याने ठरवायचे असते.

गच्चीचा उल्लेख आलाच आहे, तर फाल्गुनातील हवामानशास्त्राची खरी प्रयोगशाळा तीच होय, हे मान्य केले पाहिजे. वाळवण, म्हणजे वर्षभराचे पापड, सांडगे, चकल्या, बटाट्याचा कीस आणि कुरडया उन्हात वाळवून डब्यांत भरण्याचा घरगुती उद्योग, याच पंधरवड्यात जोर धरतो. आणि या सर्व पदार्थांत कुरडई ही हवामानाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक वस्तू आहे. उडदाच्या पापडाचे पीठ आज ढग दिसले तर उद्यावर ढकलता येते. बटाटा चार दिवस थांबतो. कुरडईचे तसे नाही. तिच्यासाठी गहू तीन दिवस भिजत घालावा लागतो, रोज त्याचे पाणी बदलावे लागते, मग तो वाटून, पिळून, गाळून चीक काढावा लागतो, चीक रात्रभर स्थिर राहू देऊन वरचे निवळ पाणी ओतून टाकावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाण्याला आधण आणून, मीठ-हिंग घालून, गुठळी होऊ न देता तो शिजवावा लागतो. गरम असतानाच तो सोऱ्यातून प्लास्टिकच्या कागदावर पाडायचा, आणि त्यानंतर दोन दिवस कडक ऊन हवे. ज्या घरात शनिवारी कुरडया पडायच्या असतात, त्या घरात गहू मंगळवारी भिजलेला असतो.

हवामानशास्त्रात तीन दिवसांपर्यंतच्या अंदाजाला अल्प पल्ल्याचा आणि तीन ते दहा दिवसांच्या अंदाजाला मध्यम पल्ल्याचा अंदाज म्हणतात. मंगळवारी गहू भिजवून शनिवार-रविवारच्या उन्हावर भिस्त ठेवणारी गृहिणी ही मध्यम पल्ल्याच्या अंदाजाची वापरकर्ती असते, ही गोष्ट तिला कोणी सांगितलेली नसते आणि खात्यालाही तिची दखल नसते. योगायोग असा की, शेतकऱ्यांसाठी दिला जाणारा कृषी हवामान सल्लाही दर मंगळवारी आणि शुक्रवारीच निघतो. त्यात द्राक्षाला काय फवारावे, कांदा कधी काढावा, जनावरे कुठे बांधावीत, हे सगळे असते. कुरडई हे पीक त्यात समाविष्ट नाही. २०१९ पासून हा सल्ला 'मेघदूत' नावाच्या मोबाइल ॲपवरही मिळतो, आणि कालिदासाच्या ढगाने निरोप नेला होता, येथे निरोप आधी येतो व ढग आला तर मागून येतो, एवढा फरक सोडल्यास नाव चपखल आहे.

शुक्रवारी अंदाज प्रसृत होतो तेव्हा मंगळवारचा गहू फुगून, आंबून, वाटून झालेला असतो आणि माघारीचे सर्व दोर कापलेले असतात. अशा वेळी जिन्यात जो संवाद ऐकू येतो, तो जवळजवळ सर्व सोसायट्यांमध्ये सारखा असतो. "काकू, उद्या पाऊस सांगितलाय बरं का," असे वरच्या मजल्यावरची सून म्हणते, आणि खालून उत्तर येते, "सांगू दे गं, गहू काय परत कोरडा होणार आहे?" या उत्तरात निर्णयशास्त्राचा एक मोठा सिद्धान्त दडलेला आहे. माहितीला किंमत असते ती निर्णय बदलता येत असेल तोवरच. त्यानंतर मिळालेली अचूक माहिती फक्त जिवाला घोर लावते.

शनिवारी सकाळी आठला गच्चीवर गेल्यास या घोराचे दृश्य स्वरूप पाहावयास मिळते. पूर्वेच्या कोपऱ्यात, जिथे पाण्याच्या टाकीची सावली दुपारी दोनपर्यंत पोचत नाही, तेथे कागद अंथरलेले असतात व त्यांच्या चार टोकांवर विटेचे तुकडे, बंद पडलेली इस्त्री, वरवंटा आणि एखादे जाडजूड दहावीचे गाईड ठेवलेले असते. कावळ्यांसाठी एक जुनी काळी छत्री उघडून आडवी ठेवलेली असते. ही त्या गच्चीवरील एकमेव छत्री असून तिचा पावसाशी संबंध नसतो. मधोमध एका उपड्या बादलीवर आजोबा बसतात. त्यांच्या हातात काठी व खिशात मोबाइल असतो, काठी कावळ्यांसाठी आणि मोबाइल ढगांसाठी. नैर्ऋत्येला, सिंहगडाच्या बाजूला, आभाळ जरासे काळवंडले की ते प्रथम मोबाइल पाहतात, मग आभाळ पाहतात, मग पुन्हा मोबाइल पाहतात, आणि दोहोंत मतभेद असल्यास स्वतःच्या गुडघ्याचा कौल घेतात. मुलांचा पक्ष या सगळ्यात वेगळा असतो. अर्धवट वाळलेली कुरडई आणि ओला सांडगा यांची चव ज्याने घेतली आहे, त्याला पावसाची भीती वाटण्याचे कारण नाही. खाली पळत जाऊन "भिजल्या तर आम्ही खातो" असे उदारपणे सांगणारे घटक कुटुंबात असल्यामुळे अंदाजाबद्दलची एकवाक्यता कायमची भंगलेली असते.

आजोबांच्या मोबाइलवर बहुधा "४० टक्के" असा आकडा असतो, आणि आधुनिक मराठी समाजात या आकड्याइतकी चर्चा फार थोड्या आकड्यांच्या वाट्याला आली असेल. एकाच्या मते शहराच्या ४० टक्के भागात पाऊस पडेल, दुसऱ्याच्या मते दिवसाचा ४० टक्के वेळ पडेल, तिसरा म्हणतो की नेहमीच्या ४० टक्के जोराने पडेल, आणि चौथा, जो बँकेतून निवृत्त झालेला असतो, तो ३५ ला पास या न्यायाने पाऊस उत्तीर्ण झाला असे समजून रेनकोट काढतो. आकड्याचा साधा अर्थ असा की, वातावरणाची स्थिती आज जशी आहे तशी शंभर वेळा आली तर त्यांपैकी सुमारे ४० वेळा त्या ठिकाणी पाऊस पडेल आणि ६० वेळा पडणार नाही. परंतु शनिवार शंभर वेळा येत नाही, एकदाच येतो, आणि त्या एकदाच येणाऱ्या शनिवारी लॉनवर लग्न ठरलेले असते. मांडववाला पत्र्याच्या छताचे वेगळे पैसे सांगतो. ते द्यावेत की नाही याचा निर्णय मुलीच्या वडिलांनी घ्यायचा असतो, आणि त्यांना ४० टक्के छत उभारून मिळत नाही.

शक्यतेचे हे नाजूक भांडे खात्यातून निघून वाचकाच्या हातात पडेपर्यंत वाटेत त्याचे काय काय होते, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होय. खाते 'शक्यता' म्हणते आणि नकाशावर पिवळा रंग देते. या रंगांचाही एक क्रम आहे : हिरवा म्हणजे काही इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष असू द्या, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे आता कृती करा. वृत्तपत्राच्या मथळ्यात येईतो 'लक्ष असू द्या'चे 'यलो अलर्ट जारी' होते, आणि जारी हा शब्द मराठी कानाला वॉरंटशेजारी ऐकण्याची सवय असल्यामुळे वाचक घाबरतो. दूरचित्रवाणीवर त्याचे 'अस्मानी संकट' होते, मागे ढगांचा आवाज वाजतो व निवेदिकेच्या पाठीमागे दुसऱ्याच राज्यातील पूर दिसतो. शेवटी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर 'पुढचे ४८ तास अत्यंत धोक्याचे' असा मजकूर येतो. हे ४८ तास नेमके कधी सुरू झाले हे कोणत्याच संदेशात लिहिलेले नसल्यामुळे ते वर्षानुवर्षे चालू राहतात, आणि दर मार्चमध्ये ते नव्याने सुरू झाले असे गटातील नव्या सभासदांना वाटते. शहरात पडला तर याच पावसाने 'हजेरी लावली' असे छापतात, शिवारात पडला तर त्याने 'झोडपले'. एकाच ढगाला पालिकेच्या हद्दीबाहेर पडताच क्रियापद बदलावे लागते.

पंचांगकर्त्यांनी या प्रकरणापासून शहाणपणाने अंतर राखले आहे. पंचांगातील पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर, सूर्य मृग नक्षत्रात गेल्यावर सुरू होतो, आणि तेथून पुढच्या प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, कोल्हा, उंदीर असे एकेक वाहन नेमून दिलेले असते. वाहन हत्ती किंवा म्हैस असेल तर भरपूर पाण्याची आशा धरायची आणि कोल्हा किंवा उंदीर असेल तर बेताने धरायची. मार्चमध्ये सूर्य पूर्वाभाद्रपदा आणि उत्तराभाद्रपदा या नक्षत्रांत असतो व त्यांच्यासाठी पावसाच्या वाहनाची तरतूदच केलेली नाही. फाल्गुनातला पाऊस पायी येतो. त्यामुळे तो कधी पोचेल याविषयी पंचांगाला जबाबदार धरता येत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची प्रसिद्ध घटमांडणी, जीत घट आणि धान्य मांडून पुढच्या वर्षाचे पाऊसपाणी व पीक सांगितले जाते, तीही अक्षय्य तृतीयेला, म्हणजे हा अडचणीचा महिना उलटून गेल्यावर होते.

राहता राहिले हवामान खाते, ज्याला उन्हाळा, पावसाळा, सुट्टीचा वार, काहीही न बघता रोज काहीतरी सांगावेच लागते, आणि म्हणून सर्व विनोद त्याच्याच वाट्याला येतात. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद महाराष्ट्रात इतक्या पिढ्या चालत आला आहे की त्याला आता वतनाचा दर्जा मिळावा. २०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी तर अंदाजावर विसंबून पेरणी केली आणि पाऊस आला नाही म्हणून खात्याविरुद्ध पोलीस ठाण्यात तक्रार दिली. त्यांचे नुकसान खरे होते आणि तक्रारीतील राग समजण्यासारखा होता. परंतु पोलिसांनी तपास कोणाचा करावा, या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही, कारण शक्यतेला अटक करता येत नाही. प्रस्तुत विषयातील निःपक्षपाती मत असे की, खात्याचे अंदाज गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खूपच सुधारले, विनोद मात्र सुधारले नाहीत. खात्याचा दोष असलाच तर एवढाच की, आपल्याला किती कळत नाही हे ते टक्केवारीसह सांगते. मराठी समाजात ठामपणे चुकणाऱ्याला मान असतो. "नक्की सांगतो, पडणार नाही" असे म्हणून तोंडघशी पडलेल्या काकांना पुढच्या रविवारी पुन्हा विचारले जाते, परंतु "२५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी पडू शकेल" असे बरोबर सांगणाऱ्याला विचारण्याची पद्धत नाही.

या सर्व हसण्यातून एक जागा वगळली पाहिजे. सांगली जिल्ह्यातील तासगाव व आसपासच्या भागात याच दिवसांत द्राक्षांचा बेदाणा होत असतो. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून, शेडमधील जाळीच्या रॅकवर थर लावून, सावलीत साधारण दोन आठवडे सुकवतात. कोरडी हवा आरपार खेळत राहिली तर माल हिरवा-पिवळा, एकसारखा निघतो. येथे पाऊस थेट अंगावर पडण्याचीही गरज नसते. दोन दिवस ढगाळ, दमट हवा राहिली तरी सुकण्याचा वेग मंदावतो, बेदाणा काळसर पडतो आणि सौद्यात त्याची प्रत एकदम खाली येते. सरकारी निकषाप्रमाणे अतिवृष्टी ठरण्यासाठी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो, तर शेडमधल्या मालाला 'अंशतः ढगाळ' एवढे दोन शब्द पुरतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली, तिच्यात उभे गहू-हरभरा, द्राक्षबागा आणि डाळिंबे आडवी झाली, आणि तेव्हापासून मार्चच्या अंदाजात 'गारपीट' हा शब्द दिसला की नाशिक-सांगलीकडचा बागाईतदार तो वाचताना थांबतो. पुण्यातील वाचक ज्या वाक्याला हसून पान उलटतो, तेच वाक्य तेथे रात्री अकरा वाजता शेडच्या बाजूंना ताडपत्री बांधायला माणसे उठवते.

पुण्याकडे परत यायचे तर, रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास बहुधा असे घडते. वारा सुटतो, धूळ उठते, सर्व मजल्यांवरच्या खिडक्या एकाच वेळी आपटतात, "गच्चीवर कोण आहे?" असा प्रश्न सर्व मजल्यांवरून एकाच वेळी विचारला जातो, आणि वीस मिनिटे टपोऱ्या थेंबांचा पाऊस पडून मातीचा वास सुटतो. आजोबा त्या क्षणी चहाला खाली आलेले असतात. लॉनवरचे लग्न शनिवारच्या मुहूर्ताचे असल्यामुळे कोरडे पार पडलेले असते आणि पत्र्याच्या छतावर खर्च केलेल्या मुलीच्या वडिलांना व्याही ऐकवतात की उगाच पैसे घातलेत. शेजारच्या उपनगरात थेंबही पडत नाही आणि तेथील लोक फोन करून पुन्हा पुन्हा खात्री करून घेतात.

या पावसाची अधिकृत नोंद व्हायला सोमवार उजाडावा लागतो. पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजण्याची पद्धत आहे. त्या वेळेपर्यंतच्या २४ तासांत जे पाणी मापकात साचले ते त्या दिवसाच्या नावावर पडते, आणि म्हणून रविवारी संध्याकाळी ज्याच्या कुरडया भिजल्या, त्याचा पाऊस कागदोपत्री सोमवारी पडलेला असतो. त्यातही २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाणी भरले तरच तो 'पावसाचा दिवस' धरतात. मापकात दोन मिलिमीटर निघाले तर तो पावसाचा दिवस होता असे आकडेवारी मानत नाही, अंदाजही चुकला असे म्हणता येत नाही, आणि एवढ्याशा पावसाने कोणाचे काय नुकसान झाले असे विचारणाऱ्याला दाखवायला तळमजल्यावरच्या काकूंजवळ काही शिल्लक नसते, कारण भिजलेल्या कुरडया मुलांनी रविवारी रात्रीच तव्यावर परतून, वर तूप-साखर घालून संपवलेल्या असतात.